बिडाचं घर

वडनेरच्या जिनात तेवीस वर्षं वेल्डिंग केलं मी,
पण बिडानं मला कधी आपलं मानलं नाही.
लोखंड ऐकतं. पाणी होतं, मिसळतं, निवतं.
बीड तापलं की गप्प बसतं
आणि रात्री, शेड रिकामं झाल्यावर,
टिक् करून तडकतं.

यंदा ऐन पौषात, बाहेर कापसाचे ढीग,
तीन नंबरच्या मशीनचं बेअरिंग घरात फिरू लागलं.
घर म्हणजे हाउसिंग. आम्ही घरच म्हणतो.
सैल झालं होतं केसभर,
पण केसभर सैल घरातही कोणी नांदत नाही.
दोनदा भरलं मी. दोनदा तडकलं.
मॅनेजर बोथरा काही बोलला नाही,
त्यानं बुटीबोरीला फोन लावला.

टेम्पोतून उतरली सुकेशिनी रंगारी,
एक कॉम्प्रेसर, एक लांब नळीची बंदूक,
आणि डब्यात भुकटी, राखुंडीच्या रंगाची.
"विस्तव कुठी हाय?"
"वितळवायचंच नाही, काका."
"मंग चिकटन कसं?"
"जोरानं."
"शेणाचा गोळा भितीवर मारा, तसं?"
"तसंच. फक्त शेण ओलं असतं."

मला हसू आलं. तिलाही.

आधी तिनं भंगारातल्या पट्टीवर मारून दाखवलं, दाब कमी ठेवून.
भुकटी आपटली, उडाली,
सुपातल्या कोंड्यासारखी बाजूला पडली.
मग काटा वर नेला.
एक हद्द असते, म्हणाली,
तिच्या अलीकडं कण उलटा येतो.
पलीकडं गेला की चेपतो,
आणि ज्याच्यावर आपटला त्यालाही जरासं चेपतो.
मग दोघांना सुटता येत नाही.

धाकटा भाऊ उकंडा अल्लीपूरला राहतो.
अकरा वर्षांत चार तेरव्या झाल्या, दोन साक्षगंधं.
दर वेळी मी हळूच म्हणालो, "बरं हाय ना?"
शब्द त्याच्या सदऱ्यापर्यंत गेले
आणि मांडवातल्या मातीत पडले.
एकदा तापूनही पाहिलं.
त्याचं काय झालं ते सगळ्या गावाला माहीत आहे.

तिनं कान झाकले, तोंड झाकलं,
मला म्हणाली, मागं व्हा.
मग जो आवाज सुटला
त्यानं पत्र्यावरची कबुतरं गेली ती दुपारपर्यंत आली नाहीत.
अंगण सारवताना फिरतो तसा तिचा हात,
ओळीवर ओळ, अर्धी आधीच्या ओळीवर.
ठिणगी एकही नाही.
तेवीस वर्षं काळ्या काचेतून काम पाहिलेला माणूस मी,
उघड्या डोळ्यांनी पाहायला लाज वाटत होती.

थांबली. "हात लावा."
नुकत्या भरलेल्या जागेवर हात कसा ठेवतात
ते माझ्या डाव्या तळव्याला विचारा.
तरी ठेवला.
कोमट. वासराच्या कानाइतकं.

संध्याकाळी टेम्पो गेला. उद्या लेथवर चढवायचं, मापात आणायचं.
ती पट्टी मी मागून घेतली,
नखानं खरडली, मग चावीनं,
मग खिशात ठेवली.
शेडमध्ये बसून राहिलो, टिक् येईल म्हणून.

अल्लीपूरची शेवटची एसटी पावणेनऊला असते.
आठ वाजून गेले होते,
आणि बीड अजून गप्प होतं.