तेरावा मजला

रात्रशाळेत सव्वाआठचा तास.
फळ्यावर लिहिलं: स्थिर त्वरण.
मग सगळ्यांकडून म्हणवून घेतलं
यू टी अधिक अर्धा ए टी वर्ग,
पाढ्यासारखं, जांभया देत.

मागच्या बाकावर घाडी. वय एकतीस.
लोअर परळच्या टॉवरच्या काचा पुसतो, दोरावर लटकून.
म्हणाला, बाई, काल वायपर सुटला हातातून.
तुम्ही शिकवलंत तसं मोजलं मी.
एक हजार एक, एक हजार दोन...
चार भरले आणि पोचला खाली.

वर्ग जागा झाला.
मी खडू उचलला. सुरुवातीचा वेग शून्य,
त्वरण दहा धरू, वाऱ्याचं सोडून देऊ.
(वाऱ्याचं सोडून द्यायला
फळ्यापाशी उभं असावं लागतं.)
पहिल्या सेकंदात पाच मीटर,
दुसऱ्यात पंधरा, मग पंचवीस,
मग एकदम पस्तीस.
एक, तीन, पाच, सात:
पडणारी वस्तू विषम अंकांनी जिना उतरते.
बेरीज ऐंशी.
मजल्याला तीन पूर्णांक दोन दशांश मीटर धरले
तर पंचविसावा मजला.

"सव्विसावा होता, बाई."

मोजताना चुकला असशील.

"नाही. त्या बिल्डिंगीत तेरावा मजलाच नाही.
लिफ्टमध्ये बारानंतर चौदाचं बटण."

हसलो सगळे. मी जरा जास्तच.
बटणांनी फुगवलेला मजला
वायपरने धरलाच नव्हता,
आणि माझं उत्तर बरोबर आलं होतं.

घाडी हसला नाही.
"आवाज किती वेगाने जातो, बाई?"
सेकंदाला तीनशे चाळीस मीटर, साधारण.
त्याने उठून फळ्यावर, ऐंशीच्या खाली,
भागाकार मांडला. जेमतेम पाव.

"म्हणजे सुटल्या सुटल्या 'हटा' ओरडलो असतो
तर वायपर हातभर खाली जाईतो
आवाज पोचला असता."

खाली वॉचमनची खुर्ची होती, प्लास्टिकची.
तो चहाला गेला होता म्हणून नुसती खुर्ची.

"आणि मी मोजत होतो."

घंटा झाली. रात्रपाळीवाले डबे घेऊन पळाले.
फळा पुसायचा राहिला.
त्याच्या 'पाव'पुढे एकक नव्हतं.
एकक नसलं की मी अर्धा गुण कापते.
खडू हातात होता. नाही कापला.