खडेबाजारातून आणलेला

काडेपेटीएवढाच आहे.
त्याहून जाड त्याचं माहितीपत्रक, सात भाषांत,
आपली एकही नाही.
दुकानातल्या इराण्णानं चारशे गाणी भरून दिली,
"निम्मी मराठी, निम्मी कन्नड,
घरात भांडण नको," म्हणाला,
आणि चार्जरचे वेगळे साठ घेतले.

वडगावात माग चालू.
दहा तास खडखट, खडखट;
इथं आम्ही बोलणं ओठांवरून वाचतो.
बोंडं कानात खुपसली तर
धोटा नुसताच दिसू लागला, ये-जा करणारा,
आणि ऐकू आली बासरी!
ताण्याचे दोन धागे तुटले, कळलंच नाही.
मालकाच्या आधी निंगव्वानं पाहिलं, बरं झालं.

पडद्यावर गाण्यांची नावं उमटत नाहीत.
मराठीचे चौकोन, कन्नडचेही चौकोन,
एकसारखे, रिकामे.
ज्या अक्षरांसाठी पाटीवर डांबर फासतात
ती इथं ओळखूसुद्धा येत नाहीत.
बटण दाबल्यावर कळतं
कोण बोलणार ते.

जेवणाच्या सुट्टीत एक बोंड तिला दिलं.
वायर आखूड,
डबे जवळ ओढावे लागले.
जुनं गाणं होतं कुठलंतरी.
माझ्या कानात गाणारी बाई,
तिच्या कानात नुसता तबला.
"हे काय गा, बाई कुठं गेली?"
मग बोंडं बदलली.
आता बाई तिच्याकडं,
आणि मी भाकरी चावत
तबला ऐकत बसलो.

बॅटरीच्या तीन कांड्या होत्या सकाळी.
एक उरलीय.