बंदर चुकलंय

रानवा, तू म्हणालीस, आधी हे वाच, मग बोलू.
आठशे चाळीस पानं, कण्याला चिकटपट्टी,
आणि मुखपृष्ठावर, तलवारीच्या खाली, बारीक अक्षरात:
खंड पहिला.
मी म्हणालो, दार उघडं ठेवायला बरं आहे.
तू फोनवर हसली नाहीस.

मी आधी नकाशा पाहिला.
सत्तावीस वर्षं फेरीबोटीच्या सुकाणूपाशी उभा राहिलेला माणूस
दुसरं काय बघणार?
राजधानीचं बंदर पश्चिमेला, उघड्या समुद्राकडे आ वासून.
ना भूशिर, ना बंधारा, ना आडोशाला एखादं बेट.
पहिल्याच नोव्हेंबरात वाहून गेलं असतं.
पेन्सिलीनं समासात लिहिलं: बंदर चुकलंय.

मग प्रास्ताविक. नमनालाच घडाभर तेल.
मिठाची खाण, एक मुका घंटावाला, त्याची धाकटी बहीण,
तिच्या बुटात कोंबलेला भुसा.
त्या बुटांवर जीव जडतो न जडतो
तोच अकराव्या पानावर दोघंही मेली.
पुढे कुणी त्यांचं नावही काढत नाही.
असं करतात का गं, हे लोक?

नावं तर अशी, की दाढेत काटा अडकावा.
जुन्या वेळापत्रकाच्या पाठीवर यादी केली:
कोण कुणाचा सावत्र भाऊ, कोण कुणाचं मीठ खातो,
कुणाच्या तलवारीला काय म्हणतात.
तलवारींना नावं आहेत, सात.
त्या पोराच्या आईला नाही.

तीनशे पानं मी असाच कुरकुरत वाचली.
बाहेर मेंढ्या धुक्यात शिरायच्या, धुक्यातून निघायच्या,
चुलीवर बटाटे करपले दोनदा.
राजा मेला तेव्हा मी उठून दिवा लावला,
आणि मग लक्षात आलं, दुपारचे चार वाजलेत,
आपल्याकडचा डिसेंबर.

चारशे बाराव्या पानात तिकीट होतं.
तव्हॉरॉयरी ते तोर्शाव्हन, बालक, एक.
तारीख त्या हिवाळ्यातली,
आई तिकडे इस्पितळात होती तेव्हाची.
दोन तास जायचे, दोन यायचे.
तू खाली उपाहारगृहात, मी वर.
मार्जुन तुला फुकट कोको द्यायची,
हे मला तिच्या निरोपाच्या जेवणात कळलं.
पानावर गोल तपकिरी डाग आहे, कपाचा.
मी तो इतके दिवस बोट फिरवून पाहत होतो,
दुकानदारानं जुनं पुस्तक गळ्यात मारलं असं धरून.

त्या पानावर एक नावाडी आहे.
पोराला रात्रीतून नदीपार नेतो.
अख्खं प्रकरण वल्हं मारतो, पाठ पोराकडे,
एक शब्द बोलत नाही.
(वल्हं मारणारा पाठीमागे बघतच बसतो खरं तर,
तोंड पोराकडेच हवं. हेही चुकलंय.)
समासात तुझं तेराव्या वर्षीचं अक्षर,
उजवीकडे कललेलं, शाई फुटलेली:
वळ ना मागे.

मला त्या खोलीत समोर बघावं लागायचं, रानवा.
धुकं असायचं, खडक असायचे.
धुकं रोज नसायचं.

पुढची चारशे पानं तीन रात्रींत संपवली.
ड्रॅगन आला, शहर जळलं, सावत्र भावानं मीठ सोडलं.
मी फक्त नावाड्याला शोधत होतो.
यादीत त्याच्यापुढे कोरी जागा ठेवलीय,
कारण त्याला कुणी नाव विचारलंच नाही.
शेवटच्या पानावर पोरगं डोंगरावर उभं,
सगळे धागे लोंबकळत, आणि: क्रमशः.

ऑर्हूसमध्ये आत्ता तू जेवत असशील.
दुसरा खंड पाठव.
तो परत येतो का, ते सांगू नकोस,
मी वाचेन.

आणि तुझ्या त्या ओळीखाली मी काहीतरी लिहिलंय,
पेन्सिलीनं, पुसता येईल असं.
नकाशावरचं मात्र पुसणार नाही.
तिथं बंदर चुकलंयच.