पेन्सिलीच्या सह्या

उणे एकतीस.
बॉलपेनातली शाई गोठते, म्हणून
हॉकीच्या रिंकबाहेर आम्ही पेन्सिली घेऊन उभे,
हातमोज्याची दोनच बोटं कापलेली.

विलो फोर्क, सस्कॅचवान. वस्ती अकराशे चाळीस.
धान्याचं उंच कोठार, एक बँक, एक वाचनालय.
वाचनालयाच्या तळघरात, बॉयलरशेजारी,
दर गुरुवारी सात खुर्च्या.
इतिवृत्त माझ्याकडे,
कारण माझं अक्षर बरं आहे
आणि चारचौघांत मला तोंड उघडवत नाही.

पहिल्या बैठकीत लॉर्न टोरग्रिमसनने
एक पुस्तक टेबलावर ठेवलं.
म्हणजे यंत्र ठेवलं; पुस्तक आत.
चौदा डॉलर मोजून घेतलेलं.
लॉर्नला सहा वर्षं दिसत नाही.
यंत्राला मोठ्याने वाचता येतं,
पण प्रकाशकाने त्याच्या तोंडाला कुलूप घातलंय,
आणि नवा कायदा म्हणतो, कुलूप उघडणं हाच गुन्हा,
आत तुमचंच काही असलं तरी.
"कोठीतल्या गव्हाला मी टाळं लावतो," लॉर्न म्हणाला,
"विकलेल्या गव्हाला नाही."

ते वाक्य मी दोनदा अधोरेखित केलं.

डेल्फीन आर्कँड शाळेत क्री शिकवते.
तिच्याकडे तीन हजार शब्द आहेत एका तबकडीत,
बोलणाऱ्यांपैकी आता दोघंच उरलीत.
तबकडी काढणारी कंपनी बुडाली.
कुलूप नाही बुडालं.

"आणि माझं काय?"
सातव्या खुर्चीवरून एमिल ह्रित्साक.
लग्नांत फिडल वाजवतो.
"जन्मात चार चाली बांधल्या.
त्या फुकट वाटणारा एकही जण
माझ्या गाडीत पेट्रोल भरायला आला नाही."
बॉयलर गुरगुरला.
उत्तर कुणी दिलं नाही,
खरं तर नव्हतंच.
डेल्फीनने त्याच्यापुढे कॉफी सरकवली.
मी त्याचं म्हणणं पानभर लिहिलं
आणि मागणीपत्रात एक कलम वाढलं,
त्याच्या शब्दांत, रागासकट.
सही मात्र त्याने केली नाही.

दोनशे बारा सह्या.
खासदारांच्या कचेरीतून गठ्ठा परत:
पेन्सिल चालत नाही. खोडता येते.

मग पुन्हा निघालो,
या वेळी दारोदार, स्वयंपाकघरांतून,
पेनं काखेत ऊब देऊन जपलेली.
तेव्हा कळलं,
पहिल्यांदा लोकांनी थंडीला सही दिली होती.
आता बूट काढा म्हणाले, बसा म्हणाले,
आणि विचारायला लागले.
मुलाच्या शाळेतल्या चित्रफितीत मागे रेडिओ वाजला, तर तोही गुन्हा?
ट्रॅक्टरचं सॉफ्टवेअर नेमकं कुणाचं?
मला अडखळत सांगावं लागलं, कारण डेल्फीन शेजारच्या घरात होती.
एका बाईने सगळं ऐकून घेतलं,
जुनी सही दाखव म्हणाली,
आणि रबर मागितलं.
तिचा भाऊ कादंबऱ्या लिहितो.
मी रबर दिलं.

लांबच्या शेतांवर एमिलने गाडीतून नेलं.
इंजिन चालू ठेवून बाहेर बसून राहायचा.
पेट्रोलचे पैसे घेतले त्याने.
मोजून.

या खेपेला दोनशे नऊ. तीन कमी.
पण विचारलं तर का केली हे सांगतील अशा.

विधेयक समितीत आहे. ओटावात बर्फ वितळला म्हणतात,
इथे अजून नाही.
गुरुवारी बैठक संपली की
मी लॉर्नला त्याचं चौदा डॉलरचं पुस्तक वाचून दाखवते,
यंत्राच्या पडद्यावरून, स्वतःच्या आवाजात.
चौथं प्रकरण चाललंय.
आधी तो एकटाच थांबायचा. मग डेल्फीन.
मग बँकेतले दोघं, ज्यांना पुस्तकाशी काही देणंघेणं नाही.
परवा एमिलही थांबला, कोट न काढता, दाराशी.

एवढ्या खुर्च्या म्हणजे
कायद्याने हे जाहीर वाचन ठरतं का,
ते मी अजून कुणाला विचारलेलं नाही.
इतिवृत्तातही घेतलेलं नाही.