निवृत्ती पगार

आडनाव पगार, नाव निवृत्ती.
त्र्यंबकच्या पौषी यात्रेत जन्मले म्हणून आजोबांनी ठेवलेलं.
त्यांना काय ठाऊक,
या नावाच्या माणसाला पुढे
ना पगार वेळेवर मिळेल, ना निवृत्तीनंतरचा.
पडद्यावर भाऊ कधी पगारे, कधी पागर,
एकदा नुसतेच एन. पी.,
आणि बहुतेकदा 'और अन्य' मध्ये.
आई घरात त्यांना अन्यच म्हणायची.
अन्य आले का गं? अन्यांचं ताट झाकून ठेव.

त्याआधी सात वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये.
जाताना झडती, येताना झडती,
मधे दिवसभर बोटांखालून सरकणारे
दुसऱ्यांचे शंभर, शंभर, शंभर.
कामगारांच्या नाटकात हवालदार झाले
तेव्हा कुणीतरी म्हणालं, चेहरा आहे.
आई म्हणाली, चेहरा सगळ्यांनाच असतो,
क्वार्टर सगळ्यांना नसतं.
क्वार्टर सुटलं. जेलरोडला दोन खोल्या.

मग पंचवटीने जायचं, पंचवटीने यायचं.
पिशवीत बाजरीची भाकरी, लसणाची चटणी,
आणि इस्त्रीचा एक काळा कोट
जो वकिलाला चालायचा, बँक मॅनेजरला चालायचा,
नवरीच्या बापालाही चालायचा,
फक्त खिशातला रुमाल बदलायचा.
टी.सी. ओळखून जजसाहेब म्हणायचे
आणि तरीही पास मागायचे.

मी पाच वर्षांची होते तेव्हा भाऊ मेले.
म्हणजे पहिल्यांदा.
बिटकोजवळच्या टॉकीजमध्ये, मध्यंतराच्या जरा आधी, पोटात सुरा.
मी किंचाळले. शेजारची बाई म्हणाली, गप, पिक्चर आहे.
आई पदर तोंडाला लावून हसत होती:
शर्ट आपला आहे बघ. डाग निघाला नाही तर बघतेच.
घरी आलो तर भाऊ पायरीवर बसून
मटार सोलत होते.
त्यानंतर मी कुणाच्याच मरणावर
लगेच विश्वास ठेवला नाही.

एकशे बारा चित्रपट. क्लोज-अप एक.
तोही हातांचा.
गोदामाचा सीन, सूटकेस उघडलेली,
वरची नोट खरी, खाली मापात कापलेले कोरे कागद.
दिग्दर्शक म्हणाला, मुनीमजी, गिनो.
आणि बोटं सुटली ती प्रेसमधलीच,
अंगठा ओला न करता,
गड्डी कानाशी नेऊन फर्रकन.
सेटवर कुणी बोलेना.
मग आवाज आला: इतनी जल्दी नहीं,
पब्लिक को दिखना चाहिए.
भाऊंनी सावकाश मोजल्या. थुंकी लावून, अडाण्यासारख्या.
एवढं एकच दुःख त्यांनी मला सांगितलं.
ते कोरे कागद घरी आले.
आईने त्यांवर दुधाचा हिशेब लिहिला, मी बाराखडी.

शेवटी बिटको हॉस्पिटल, खाट सतरा.
डॉक्टर कोवळा पोरगा. बाहेर आला,
चष्मा काढायचा विसरला,
मान हलवायची विसरला,
सरळ म्हणाला, मावशी, वारले ते.
भाऊंनी हा सीन नऊ वेळा केला होता,
दर वेळी दाराशी थोडं थांबून.
आई म्हणाली, याला थांबता आलं नाही.

रामकुंडावर गुरुजींनी नामावळीची लांबडी वही उघडली.
नाव?
निवृत्ती महादू पगार.
गुरुजींनी माझ्या नाकाकडे निरखून पाहिलं.
यांना कुठंतरी बघितलंय.
सगळेच म्हणतात, मी म्हटलं.
व्यवसाय?
मी तोंड उघडणार तोच आई म्हणाली,
नोकरी. प्रेसमध्ये.
त्यांनी लिहिलं. शाईवर फुंकर घातली.
घाटावर कुणी ओलं धोतर पिळत होतं,
एक पोरगं पाण्यात चुंबक टाकून नाणी शोधत होतं.
गुरुजींनी टोपण लावता लावता विचारलं,
अन्य काही?

आणि आई, जी दोन दिवस
ना रडली होती ना बोलली होती,
पदर तोंडाला लावून हसली,
टॉकीजमधल्यासारखी.