वीस पौंडांच्या आतलं

घरातला काटा तिला ओळखतच नव्हता.
पाय ठेवला की दोन अक्षरं दाखवायचा आणि विझायचा.
म्हणून आर्डिस क्रचेक, नेब्रास्कातल्या एका धान्यकोठारावर
बावीस वर्षं दुसऱ्यांचा मका तोलणारी,
शेवटचा ट्रक गेल्यावर
गाड्यांच्या वजनकाट्यावर जाऊन उभी राहिली.
सत्तर फूट लोखंड, वर एकटी बाई.
पाटीवर लाल आकडा: २८०.
त्या काट्याला वीस पौंडांच्या आतलं काही कळत नाही.

गावातला दवाखाना बंद झाला, तिथे आता टायर मिळतात.
म्हणून रात्री अकराला, फोनवर, एक अर्ज.
उंची. वजन. घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर?
स्वादुपिंड कधी सुजलं होतं?
एक पूर्णाकृती फोटो. काढायला कुणी नव्हतं.
फोन साखरेच्या डब्याला टेकवून ती दहा सेकंदांत धावत जाऊन उभी राहिली,
धापा टाकत. तोच पाठवला.
वजन का कमी करायचं आहे? दोनशे अक्षरांत सांगा.
तिनं लिहिलं, गुडघे.
खोडलं.
पुन्हा गुडघेच लिहिलं.

सकाळी सात वाजून चार मिनिटांनी मंजुरी.
कुणी डॉ. ओयेलारान, टेक्ससमधल्या,
ज्यांचा आवाज तिनं अजून ऐकलेला नाही.

खोकं जानेवारीत आलं.
दाराबाहेर पारा शून्याखाली, खोक्यात बर्फाची पाकिटं,
आणि वर लिहिलेलं: गोठू देऊ नये.
ती एकटीच मोठ्यानं हसली.
बाटली दिव्याखाली धरली. आतलं पाणी हललं.
सुई बेंबीपासून दोन बोटं दूर.
एवढंच? असं ती सुईलाच म्हणाली.

पन्नास वर्षं तिच्या पोटात कावळे होते.
जेवणाआधी ओरडायचे, जेवल्यावर जास्तच,
भांडी घासताना, प्रार्थनेत;
मिलो गेला त्या रात्री तर फ्रिजचं दार उघडं धरून
पहाटेपर्यंत त्यांनी तिला उभं ठेवलं होतं.
तिसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी, ते उडाले.
सगळे एकदम.
तिनं अर्धा पाव ताटात ठेवला आणि दचकून इकडेतिकडे पाहिलं,
घड्याळ बंद पडल्यावर पाहतात तसं.

एप्रिलमध्ये लुमीर नोवोत्नीची मयत.
बारा डझन कोलाच तिच्याकडे, दरवेळेसारखे:
मऊ पाव, मधल्या खळग्यात खसखस.
कृती कधी कागदावर नव्हती, मापही नव्हतं.
भांड्यातून सात-आठ चमचे चाखायचे, जीभ सांगेल तेव्हा थांबायचं.
या वेळी चमचा ओठांपर्यंत आला आणि परत गेला.
चर्चच्या तळघरात लोकांनी खाल्ले, कुणी काही बोललं नाही.
फक्त लुमीरची बहीण, नव्वदीची,
कागदी बशी बाजूला सारत पुटपुटली,
"साखर विसरलीस, पोरी."
आर्डिसला रडू फुटलं.
सगळ्यांना वाटलं, लुमीरसाठी.

ऑगस्टमध्ये दर वाढल्याचा निरोप. खाली दोन बटणं.
तिनं ट्रकच्या पावतीमागे हिशेब मांडला:
भरल्या गाडीतून रिकामी गाडी वजा.
निव्वळ काय उरतं, हे तिला कुणी शिकवायला नको.
पावती खिशात घालून ती पुन्हा काट्यावर गेली.
२४०.
पलीकडच्या टोकाला एक कावळा उतरला,
सांडलेला मका टिपू लागला.
ती हलली नाही.
आकडाही.