उणे दोन

उद्यमनगर, सोमवार. कारखाने बंद.
खालच्या लेथवर गोणपाट टाकलेलं,
वर माझ्या खोलीत ग्राफिक्स कार्ड
तीनशे मेगाहर्ट्झवर मख्ख बसलेलं.

पुण्याहून कोल्हापूरला एस.टी.च्या पार्सलनं आलेलं,
कुणीतरी वापरून काढलेलं.
अंगात तेराशेची ताकद.
मी पंपाचं केसिंग पडद्यावर फिरवते
आणि ते सरकतं, थांबतं,
आठवल्यासारखं पुन्हा सरकतं.
भार शंभर टक्के. क्लॉक तीनशे.
पंखा तर जागचा हललाच नाही.

बूटच्या नोंदी वाचत गेले.
चारशे ओळींनंतर एक ओळ:
फर्मवेअर मिळालं नाही, उणे दोन.
उणे दोन म्हणजे फाइलच नाही जागेवर.
एवढंच.
सकाळी उठल्यावर त्याला कुणी सांगितलंच नाही
की बाबा, तुला पळता येतं.

रशीद शिकलगार सुट्टीतही येतात, लेथला तेल द्यायला.
जिन्यातून डोकावले,
"पट्टा मोठ्या पुलीवरच ऱ्हायलाय व्हय?"
मी हसले.
मग लक्षात आलं, तेच झालंय.

फाइल आणली, ठेवली, रीस्टार्ट.
नावात एक अक्षर चुकलेलं. पुन्हा तीनशे.
चहा गार झाला.
दुसऱ्या खेपेला पंखा घरघरला,
सहाशे, नऊशे,
तेराशे चाळीस.

केसिंग गर्रकन फिरलं, आतली बाजू उजेडात आली,
आणि दिसलं,
तिथली भिंत मी दोन मिलिमीटर कमी धरलीय.

पॅटर्नवाल्या लोहारांना फोन लावला.
म्हटलं, लाकडाला हात लावू नका अजून.